जुने लाकूड, नवे मालक आणि निनावी सुतार

जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती खानदेशाबाहेरही दूरवर पोचलेली आहे. तेथे दागिना घेणारा माणूस आधी त्यावरचा शिक्का पाहतो. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्या शिक्क्यावरून सोने किती शुद्ध आहे हे कळते. तो दागिना ज्याने डोळे फोडून घडवला, त्याचे नाव मात्र त्या शिक्क्यात नसते. गिऱ्हाइकाला त्या नावाची गरज वाटत नाही आणि कारागिराला ते मागण्याचे बळ नसते.

सोन्याची ही गत, तर लाकडाचे काय विचारावे? चोपडा, पारोळा, एरंडोल, धरणगाव, शिरपूर, जुने धुळे अशा ठिकाणचे वाडे आणि धाब्याची घरे एकामागून एक उतरवली जात आहेत. भावाभावांच्या वाटण्या होतात, माती गळू लागते, मुले पुण्यामुंबईस जातात आणि वाड्याच्या जागी सिमेंटची इमारत उभी राहते. मग सागाचे खांब, तुळया, नक्षीचे हस्त आणि गणेशपट्टीच्या चौकटी अंगणात रचल्या जातात आणि घनफुटावर, कधी वजनावरही, विकल्या जातात. अशाच लाकडाला मुंबईच्या चोरबाजारात ‘अँटिक’ हे नाव मिळते आणि किंमत अनेक पटींनी चढते. चौकट कोणत्या गावची, हे एखादे वेळी दुकानदार सांगतो. ती कोणी कोरली, हे त्याला कोणी विचारत नाही आणि विचारले तरी त्याला ते ठाऊक नसते.

हा प्रश्न केवळ हळहळीचा नाही. श्रमाने निर्माण झालेले मूल्य अखेर कोणाच्या पदरात पडते, हा त्यातला मूळ मुद्दा आहे. तो नीट समजून घ्यायचा तर एका दूरच्या उदाहरणाकडे पाहणे उपयोगी पडेल. लाकूडकामात कारागिराचे नाव जपले गेल्याचे जगातले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अठराव्या शतकातील पॅरिस. तेथे सुताराचे नाव उरले आणि त्या नावाने आजही लिलावात किंमत ठरते. नाव उरल्याने त्या सुताराचे आणि त्याच्या सोबत्यांचे भले झाले काय, हे पाहण्याजोगे आहे.

राजेरजवाड्यांच्या हौसेमुळे हे फ्रेंच फर्निचर आपल्या देशातही आले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात त्याचा संग्रह आहे. या कामाचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे ‘मार्केत्री’. साध्या लाकडाच्या सांगाड्यावर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून, एकमेकांत बसवून, सरसाने चिकटवायचे आणि त्यातून फुले, पक्षी, वाद्ये, देखावे उभे करायचे, असे हे जडणीचे काम. पापुद्रे हातकरवतीने काढीत. पाकळीला सावलीची छटा हवी असेल तर तो तुकडा तापलेल्या वाळूत क्षणभर बुडवून कडेला करपवीत. हिरवा, निळा, तांबडा असे रंग लाकडाला देत. आज ते नमुने मधासारखे तपकिरी दिसतात, ते अडीच शतकांच्या उजेडाने रंग उडाल्यामुळे. चौदाव्या लुईच्या काळातला आंद्रे-शार्ल बूल हा या कलेचा मोठा उस्ताद. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचे कवच एकावर एक ठेवून तो दोन्ही एकाच नक्षीने कापी. त्यामुळे एका कापण्यात दोन जोड तयार होत. एकात कवचाच्या भुईवर पितळेची नक्षी, दुसऱ्यात पितळेच्या भुईवर कवचाची. माल वाया न घालवण्याची कारागिराची अक्कल सर्व देशांत सारखीच असते.

पॅरिसच्या सुतारसंघाने १७४३ साली नियम केला आणि १७५१ पासून तो अमलात आला. प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी ठसा करून घ्यावा आणि विक्रीच्या प्रत्येक वस्तूवर तो उमटवावा, असा तो नियम होता. संघाचे पंच कारखान्यांत फिरून माल तपासत आणि पसंत पडल्यास आपलाही ठसा मारीत. आज खुर्ची उलटी करून खरेदीदार जे शोधतो ते हेच ठसे.

परंतु या ठशाचा अर्थशास्त्रीय अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. हा ठसा श्रमाच्या सन्मानासाठी निघालेला नव्हता. संघाबाहेरच्या माणसाने धंद्यात शिरू नये आणि भाव पडू नयेत, यासाठी तो होता. उस्तादपद मिळवायला मोठी फी पडे. उस्तादाच्या मुलाला ती कमी, परक्याला जास्त. जर्मन मुलखातून पोटासाठी आलेले शेकडो सुतार ही फी भरू शकत नसत. म्हणून ते शहराच्या पूर्वेकडील फोबूर सँ-आंत्वान या उपनगरात राहत. तेथे एका मठाच्या जुन्या सवलतीमुळे संघाची सत्ता पोचत नसे. शिवाय ठसा असे तो कारखान्याच्या धन्याचा. करवत ओढणारा, सरस शिजवणारा, पापुद्रा बसवणारा रोजंदारीचा गडी त्या ठशाखाली कायमचा झाकला गेला.

याचा सर्वांत बोलका दाखला पंधराव्या लुईच्या मेजाचा आहे. व्हर्सायच्या राजवाड्यात असलेले हे मेज १७६० साली जाँ-फ्राँस्वा ओबेन या जर्मन वंशाच्या कारागिराने सुरू केले. १७६३ साली तो वारला. त्याच्या विधवेने कारखाना चालू ठेवला आणि त्यातल्या जाँ-आंरी रिझनेर या मदतनिसाने पुढे काम पुरे केले. त्या विधवेशी त्याने लग्नही केले. १७६९ साली मेज राजाकडे गेले तेव्हा त्याच्या नक्षीतच सही जडवलेली होती, रिझनेरची. ज्याच्या कल्पनेतून मेज निघाले त्या ओबेनचे नाव त्या सहीत नाही. साठ हजारांहून अधिक लिव्हर ज्याच्यावर खर्च झाले, त्या मेजावर नऊ वर्षे खपलेल्या हातांची नावे तर सामान्य प्रेक्षकाला कधीच कळणार नाहीत.

आणि जे कारखान्यातही नव्हते त्यांचे काय? फर्निचरवरच्या पितळी अलंकारांना सोन्याचा मुलामा देण्यासाठी सोने पाऱ्यात कालवून धातूला लावीत आणि मग तापवून पारा उडवून देत. ती वाफ मुलामा देणाऱ्यांच्या अंगात भिनत असे. हात कापू लागत, दात पडत आणि अकाली मरण येई. वस्तूची झळाळी टिकली, माणूस टिकला नाही. नक्षीसाठी लागणारी जांभळी, तांबूस, पिवळी लाकडे दक्षिण अमेरिका व कॅरिबियन बेटांच्या वसाहतींतून येत. तेथे झाडावर कुऱ्हाड घालणारे हात बहुधा गुलामांचे असत. म्हणजे ज्या मेजावर एका माणसाचे नाव आहे, त्याच्या मागे दोन खंडांतले निनावी श्रम आहेत.

पुढचा इतिहास समाजवादी वाचकाने विशेष मन लावून वाचावा असा आहे. १४ जुलै १७८९ रोजी बॅस्तिय पडली ती सँ-आंत्वानच्या वेशीवरच. तिच्यावर चालून गेलेल्यांत त्या उपनगरातले सुतार आणि फर्निचर कारागीर यांचा भरणा मोठा होता. क्रांतीने १७९१ च्या मार्चमध्ये संघांची मक्तेदारी मोडली. हे न्याय्यच होते. पण त्याच वर्षी १४ जूनला ल शापेलिए कायदा आला. पॅरिसच्या इमारतकामाच्या सुतारांनी मजुरीच्या दरासाठी एकजूट केली होती, हे त्याचे निमित्त. या कायद्याने मजुरांना संघटना करण्याचीच बंदी झाली. तेथे संप गुन्हा न राहायला १८६४ उजाडावे लागले आणि कामगारसंघांना कायद्याची मान्यता मिळायला १८८४. जुना पिंजरा मोडला आणि उघड्या मैदानात एकटा सोडलेला कारागीर बाजाराच्या हाती लागला. बाजार मोकळा करताना श्रमिकाचे संघटन बांधून ठेवले तर त्या मोकळेपणाचा लाभ कोणाला होतो, हे आज वेगळे सांगायला नको.

खुद्द रिझनेरची कथा करुण आहे. १७९३-९४ साली व्हर्सायच्या सामानाचा प्रचंड लिलाव झाला. आपल्याच हातचे काही नमुने त्याने परत विकत घेतले. पुढे भाव येईल अशी त्याला आशा होती. पण रुची पालटली होती आणि गिऱ्हाईक उरले नव्हते. १७९४ साली सरकारने त्याला त्यानेच घडवलेल्या फर्निचरवरची राजचिन्हे काढून टाकण्याचे काम दिले. १८०६ साली तो वारला. पुढच्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या धनिकांनी तेच फर्निचर अफाट किमतींना घेतले. या वाढीत रिझनेरच्या श्रमाचा एक तासही नव्याने मिसळलेला नव्हता. जुन्या वस्तूंचा पुरवठा वाढू शकत नाही. मागणी वाढली की सगळी वाढ दुर्मिळतेच्या खंडाच्या रूपाने धारकाला मिळते. जमिनीच्या खंडाचा जो न्याय, तोच जुन्या लाकडालाही लागू आहे.

आता घरी परतू. आपल्याकडे जडणीचे काम नव्हते असे नाही. तापी नदी खानदेशातून वाहत जेथे समुद्राला मिळते, त्या सुरतेत आणि मुंबईत ‘सादेली’ नावाचे काम चाले. ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे आली असे मानले जाते. हस्तिदंत, शिंग, आबनूस, पतंगाचे लाल लाकूड आणि कथिलाची तार यांच्या तिकोनी काड्या एकत्र बांधून, सरसाने चिकटवून, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तीच तारकाकृती नक्षी उमटते. हे काप पेटीवर बसवले की झाले. बूलने एका कापण्यात दोन नमुने काढले, येथल्या कारागिराने एका जुडीत कित्येक काढले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मुंबईच्या पेट्या वाखाणल्या गेल्या. त्यांना इंग्रजीत नाव पडले ते ‘बॉम्बे वर्क’ असे. म्हणजे मालाला बंदराचे नाव मिळाले. कारागिराचे नाव येथेही नव्हते.

खानदेशचा सुतार या निर्यातीच्या बाजारात नव्हता. तो बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, वखर, तिफण, गाडी यांची वर्षभर डागडुजी करायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, असा त्याचा करार. वाड्याचे नक्षीकाम हे त्यापलीकडचे. पाटील, देशमुख, सावकार, कापसाचा व्यापारी यांच्या घरी तो महिनोन्महिने खपे. रंधा, पटाशी, वाकस आणि किकरे एवढ्या हत्यारांवर त्याने जी वेलबुट्टी काढली, ती आज शहरी दिवाणखान्यात भिंतीला टेकवलेली दिसते. त्याच्यापाशी सही करण्याची रीत नव्हती. जातीने नेमलेले काम करणाऱ्याने सही करावी, ही कल्पनाच त्या व्यवस्थेला मानवणारी नव्हती. म्हणून बलुतेदारीच्या आठवणीने कोणी डोळे ओलावू नयेत. त्या व्यवस्थेने सुताराला दाणे दिले आणि जातीच्या पायरीवर बांधून ठेवले.

त्याच्या हाताखालचे लाकूड सातपुड्याचे. साग, शिसव, तिवस, अंजन. रावेर-यावलपासून शहादा-अक्राणीपर्यंतचे ते डोंगर भिल्ल आणि पावरा समाजाचे घर. आगगाडीने लाकडाची मागणी वाढवली आणि १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची सत्ता सरकारकडे पक्की केली. १९२७ च्या कायद्याने तीच चौकट पुढे चालवली. जो आदिवासी ते झाड ओळखत होता तो गुन्हेगार ठरला आणि जो सुतार ते लाकूड जाणत होता तो लिलावाच्या दारात उभा राहिला. लाकडाचे लिलाव लॉटवर होतात. दोन चौकटींपुरते लाकूड हवे असलेल्या सुताराची तेथे काय पत? तो वखारवाल्याकडून चढ्या दराने घेतो किंवा प्लायवूडकडे वळतो. आज जळगाव-धुळ्याच्या फर्निचर दुकानांत कामाला असलेल्या सुतारपुत्राच्या हाती छापील पापुद्रा आणि खिळे मारण्याचे यंत्र आहे. आजोबांची पटाशी माळ्यावर गंजते आहे. तो आळशी झाला म्हणून हे घडले नाही. नक्षीच्या तासांचा मोबदला बाजार देत नाही, म्हणून घडले.

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, अगदी इमारतीतून काढलेला भागसुद्धा, पुरावस्तू ठरू शकते. तिची खासगी निर्यात निषिद्ध आहे आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. हे चांगलेच आहे. पण हा कायदा वस्तूचा आहे, ती घडवणाऱ्या वर्गाचा नाही. १९९४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन चित्र, शिल्प, रेखाटन किंवा मूळ हस्तलिखित पुन्हा विकले गेल्यास त्या किमतीत निर्मात्याला वाटा मागण्याचा हक्क मिळाला. त्या यादीत सुताराची चौकट नाही. चित्रकार निर्माता आणि सुतार मजूर, ही जुनी उतरंड कायद्याच्या कलमातही शाबूत राहिली आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. हे सारे काम सरंजामदारांच्या चैनीसाठी झाले, मग कष्टकऱ्यांच्या पक्षाने त्याचा शोक का करावा? आक्षेप बिनबुडाचा नाही. वाड्याच्या चौकटीतून आत जाण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्यांना त्या चौकटीचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल. परंतु मालकाची सत्ता आणि कारागिराचे कौशल्य या दोन गोष्टींची गल्लत करू नये. मालकाचा वाडा पडला तर पडो. कौशल्य हे श्रमिकाचे भांडवल आहे, आणि ते पिढीबरोबर मेले की श्रमिकाकडे विकायला केवळ अंगमेहनत उरते.

शिवाय खानदेशाने या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर पूर्वी दिलेले आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहाने नंदलाल बोस यांनी तेथील नगराची सजावट बांबू आणि स्थानिक साहित्यातून, स्थानिक कारागिरांच्या हातांनी उभी केली. तेथे राजाचे मेज घडले नाही. हजारो शेतकऱ्यांनी ज्याखालून जावे असे प्रवेशद्वार घडले. कारागिरी लोकांची होऊ शकते, याचा तो पुरावा. मात्र आपण नंदलालांचे नाव आदराने घेतो आणि ज्या सुतारांनी, बुरुडांनी तो बांबू बांधला त्यांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. ही चूक पॅरिसच्या धन्यांची नाही. ती आपल्याच चळवळीची आहे आणि ती मान्य करायला हवी.

तेव्हा करायचे काय? तीन कामे तातडीची आहेत आणि तिन्ही कार्यकर्त्यांच्या आवाक्यातली आहेत.

पहिले काम नावांचे. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्यांनी गावोगाव फिरून दप्तरे जमवली, त्याच निष्ठेने आता घरे पाहिली पाहिजेत. वाड्याच्या बांधकामाचे हिशेब, उचलीच्या वह्या, वृद्ध सुतारांच्या आठवणी यांतून नावे निघू शकतील. जळगावच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांना हे काम द्यावे. वाडा उतरण्यापूर्वी त्याची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत. आज जो सुतार नवे काम करतो त्याने आपले नाव आणि साल लाकडावर कोरावे, असा आग्रह गिऱ्हाइकानेच धरावा.

दुसरे काम लाकडाचे. नावाने पोट भरत नाही, हे पॅरिसने शिकवलेच आहे. वनखात्याच्या आगारातून नोंदणीकृत सुतारांच्या सहकारी संस्थांना लिलावाशिवाय, ठरल्या दराने, लहान प्रमाणात लाकूड मिळाले पाहिजे आणि ज्या गावांच्या जंगलातून ते येते त्या गावांना त्याचा हिस्सा. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत सुताराचा समावेश आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साह्य आणि कमी व्याजाचे कर्ज त्यात आहे. पण रंधा दिला आणि लाकूड दिले नाही, तर त्या रंध्याने कर्जाचे हप्तेच तासायचे काय?

तिसरे काम संघटनेचे. फर्निचरच्या दुकानांतील रोजंदार सुतार हा असंघटितांतला असंघटित. नक्षीच्या कामाचा दर तासावर ठरावा, मोडलेल्या वाड्याचे लाकूड विकताना त्याची पारख आणि दुरुस्ती स्थानिक सुताराकडे यावी आणि त्या व्यवहारातला ठरावीक वाटा त्याला मिळावा, या मागण्या एकट्याने करून उपयोग नाही. १७९१ मध्ये पॅरिसच्या सुतारांना जे करू दिले नाही, ते करण्याची मोकळीक आज येथल्या सुताराला कायद्याने आहे. उणीव आहे ती त्याच्या दारी जाणाऱ्यांची.

खानदेशातले किती वाडे वाचतील हे सांगता येत नाही. कदाचित फार थोडे. पण पुढच्या वेळी गावात एखादी चौकट उतरवली जाईल, तेव्हा कार्यकर्त्याने काट्यावरचे वजन पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा, ही कोणाच्या हातची? उत्तर मिळेल त्या घरी जावे. तेथे बहुधा त्या सुताराचा नातू भेटेल, प्लायवूड कापत असलेला. खरे काम तेथून सुरू होते.